अकोला की अमरावती: महानगरत्यागाचा एक अभ्यास

महानगरत्याग म्हणजे मुंबई, ठाणे किंवा पुणे येथील बिऱ्हाड मोडून लहान शहरात कायमचे राहायला जाण्याचा निश्चय. या निश्चयाचे वैशिष्ट्य असे की, तो रात्रीच्या जेवणानंतर पक्का होतो, सकाळच्या लोकलपर्यंत कसाबसा टिकतो आणि डब्यात अवचित बसायला जागा मिळाली तर त्याच दिवशी मोडतोही. ज्यांचा निश्चय मोडत नाही अशा कुटुंबांपैकी मूळच्या वऱ्हाडी कुटुंबांचाच विचार येथे करावयाचा आहे. कोकणात घर घेण्याची हौस त्यांना शेजाऱ्यांपुरती मान्य असते, नाशिकचे भाव ऐकून ती अर्ध्या वाटेवरून परत फिरतात, आणि नागपूरचे नाव निघताच घरातील वडीलधारी व्यक्ती ‘मग मुंबई काय वाईट आहे?’ असे विचारून विषय संपवते. त्यामुळे अखेरीस प्रश्न उरतो तो एकच, अकोला की अमरावती.

वऱ्हाड म्हणजे स्थूलमानाने आजचे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे जिल्हे. निजामाच्या ताब्यातील हा मुलूख १८५३च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि १९०२मध्ये कायमच्या भाडेपट्ट्याने त्यांच्याकडे गेला. म्हणजे भाड्याच्या जागेत राहण्याचा अनुभव या प्रदेशाला मुंबईतील भाडेकरूंइतकाच जुना आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकाएकी महत्त्व आले. १८६७मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला आणि अकोल्याचा कापूस मुंबईच्या बंदरावर जाऊ लागला. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण अशाच भरभराटीची साक्ष देते. आधी कापूस मुंबईला गेला, त्याच्यामागे माणसे गेली. कापसाला परत येण्याची सोय नव्हती, माणसांना मात्र आहे.

या सोयीचे नाव मुंबई–अमरावती एक्स्प्रेस. ती रात्री आठच्या सुमारास मुंबईहून सुटते, पहाटे अकोल्याला थांबते आणि सकाळी अमरावतीला पोहोचून संपते. दोन शहरांच्या तुलनेत या वेळापत्रकाचा वाटा किती मोठा आहे, याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. अमरावतीला जाणारा प्रवासी झोप पुरी करून, तोंड धुऊन, प्रसन्न चेहऱ्याने उतरतो. अकोल्याला जाणारा मात्र गजर लावून, चपला शोधत, एका मुलाला कडेवर आणि दुसऱ्याला बखोटीला धरून फलाटावर येतो आणि शहराविषयीचे पहिले मत अर्धवट झोपेतच बनवतो.

मताची दुसरी घडण ऑटोरिक्षात होते. महानगरात ऑटोचालक ‘कुठे जायचे?’ एवढेच विचारतो आणि उत्तर ऐकून बहुधा नकार देतो. वऱ्हाडात तो आधी ‘कोनाच्या घरचे व्हय तुमी?’ असे विचारतो, आडनावावरून गाव काढतो, गावावरून एखादा समाईक सोयरा शोधतो आणि इतके झाल्यावर येण्याचे प्रयोजन कळले की गाडीचा वेग कमी करतो. ‘काऊन जी, मुंबईचं पानी नाही मानवलं का?’ या प्रश्नात हेटाळणी नसते. निवृत्तीपूर्वी परत येणारा माणूस एक तर आजारी असावा किंवा त्याची नोकरी गेलेली असावी, हा त्या भागातील सर्वसाधारण निदानाचा भाग आहे. महानगरात अनोळखीपणाला कंटाळलेल्या माणसाला ही ओळख प्रथम हवीहवीशी वाटते आणि दुपारपर्यंत चार जणांना तेच उत्तर दिल्यावर पुन्हा अनोळखीपणा आठवू लागतो.

अकोला हे व्यापाराचे शहर आहे. कापूस, धान्य आणि डाळी यांवर ते उभे राहिले, मुख्य लोहमार्गावर असल्यामुळे वाढले, आणि १९६९पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले. त्याची पाहणी जठारपेठेतील नातेवाइकांच्या चहाने सुरू होते आणि गावाबाहेरच्या ले-आऊटमध्ये संपते. ले-आऊट म्हणजे शेतजमिनीचे पाडलेले भूखंड; तेथे मुरुमाचा एक रस्ता, चुन्याच्या रेघा आणि प्रवेशद्वाराची कमान एवढ्या गोष्टी तयार असतात. जागा दाखवणारा गृहस्थ क्षितिजाकडे हात करून ‘आज दूर वाटते भाऊ, पन पाच वर्सांत मधात येते पाहा’ असे आश्वासन देतो. शहर आपल्याकडे चालत येणार, ही कल्पना शहराला कंटाळून आलेल्या कुटुंबाला घाबरवण्याऐवजी आनंदित करते, आणि येथेच महानगरत्यागाच्या निश्चयातील गोम लक्षात येते: त्याला महानगर सोडायचे असते, पण मॉल, मुलांचे शिकवणी वर्ग आणि हृदयरोगतज्ज्ञ दहा मिनिटांच्या अंतरावर हवे असतात.

भूखंड पाहणाऱ्याने मात्र क्षितिजाकडे न पाहता पायाखाली पाहावे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिच्या या श्वासोच्छ्वासाबरोबर उथळ पायाच्या घराला तडे जातात. पाण्याची कथा त्याहून खारट आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा म्हणजे भूगर्भातील पाणी मुळातच क्षारयुक्त असलेला प्रदेश. तेथील बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ तासभर शिजवली तरी दाणा दाण्याला ओळख देत नाही. म्हणून अकोला शहर काटेपूर्णा धरणावर आणि अमरावती ऊर्ध्व वर्धा प्रकल्पावर विसंबून आहे. अकोल्यात नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार, हे सुनेला सासूकडून मिळणारे पहिले ज्ञान असते, आणि त्या दिवशी घरातील यच्चयावत पातेली, बादल्या व ड्रम भरले जात असताना पाहुण्याने मदतीचा आग्रह धरू नये, कारण भांड्यांचा क्रम ठरलेला असतो.

अकोल्याहून अमरावतीकडे जाणारा रस्ता हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. वर्षानुवर्षे हा रस्ता खड्ड्यांसाठी विख्यात होता आणि त्यावरून जाऊन आलेला माणूस आठवडाभर कमरेला शेक घेत असे. पुढे जून २०२२मध्ये लोणी ते माना या टप्प्यात एका मार्गिकेवर सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करण्यात आले आणि गिनीज बुकाने त्याची विश्वविक्रम म्हणून नोंद केली. आधीचा विक्रम कतारच्या नावावर होता आणि तो सुमारे २५ किलोमीटरचा होता. जो रस्ता वर्षानुवर्षे होत नव्हता तो पाच दिवसांत झाला, यामुळे वऱ्हाडी माणसाचा शासनयंत्रणेवर विश्वास बसला असे म्हणता येत नाही. ‘मंग इतके वर्सं काय करून राह्यले होते?’ हा त्याचा प्रश्न अधिकच धारदार झाला.

वाटेत मूर्तिजापूर लागते. पती अकोल्याचा आणि पत्नी अमरावतीची असलेल्या कुटुंबांत तडजोड म्हणून हे नाव हमखास पुढे येते, कारण ते जवळजवळ मधोमध आहे आणि तेथून दोन्ही माहेरे-सासरे सारख्याच अंतरावर राहतात. शकुंतला ही अरुंद मापाची रेल्वे येथूनच यवतमाळ आणि अचलपूर या दोन्ही दिशांना जात असे; ब्रिटिश कंपनीच्या मालकीची म्हणून ती स्वातंत्र्यानंतरही गाजत राहिली आणि आता बंद आहे. तडजोडीचा प्रस्तावही सहसा त्याच मार्गाने जातो.

अमरावती पाहताना कुटुंबाचा सूर बदलतो. हे विभागीय आयुक्तांचे आणि विद्यापीठाचे गाव. १८९७मध्ये येथे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले होते, आणि शहरातील कोणत्याही सुशिक्षित गृहस्थाशी बोलताना ते गेल्या वर्षीच झाले असावे असा भास होतो. कृष्णाने रुक्मिणीचे हरण केले ते येथील अंबादेवीच्या देवळातून, अशी आख्यायिका आहे. म्हणजे घरच्यांना न विचारता स्थलांतर करण्याची परंपरा या शहरात पौराणिक काळापासून मानली जाते. १९१४मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे सकाळी फिरायला निघालेल्या महानगरी गृहस्थाला मल्लखांबावर उलटी लटकलेली दहा वर्षांची मुले दिसतात आणि तो पोट आत ओढून रस्ता बदलतो. पुढच्या चौकात दह्यात बुडवलेला गिला वडा मिळतो, त्यामुळे ओढलेले पोट फार वेळ आत राहत नाही.

विमानाचा मुद्दा आता अमरावतीच्या बाजूने जातो. बेलोरा येथून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईसाठी विमानसेवा सुरू झाली. अकोल्याच्या शिवणी येथे विमानतळ आहे, धावपट्टीच्या विस्ताराचा प्रश्न आहे, त्यासाठी लागणाऱ्या कृषी विद्यापीठाच्या जमिनीची चर्चा आहे, विमान तेवढे नाही. अमरावतीकर हा मुद्दा अकोल्याच्या पाहुण्यासमोर आवर्जून काढतो. त्यावर अकोलेकर शांतपणे विचारतो की, हावडा–मुंबई मुख्य मार्गावरची गाडी पकडायला तुम्हाला अजून बडनेऱ्यालाच जावे लागते ना. आणि संभाषण संपते.

शांततेसाठी आलेल्यांनी श्रावण टाळू नये. शेवटच्या सोमवारी अकोल्यात राजराजेश्वराच्या अभिषेकासाठी गांधीग्राम येथून पूर्णेचे पाणी कावडींनी आणले जाते. त्या रात्री ढोल-ताशांत शहर असे जागते की, गिरगावातल्या विसर्जनाला कंटाळून निघालेल्या माणसाला घरी आल्यासारखे वाटावे. खरी शांतता चिखलदऱ्याला, समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंचीवर, मेळघाटच्या कुशीत आणि कॉफीच्या मळ्यांत आहे. परंतु तेथे राहायला जाण्याचा विचार रक्तदाबाची गोळी संपली की मागे पडतो.

या पाहणीतील मूळ दोष ऋतूचा आहे. दौरे बहुतेक डिसेंबर-जानेवारीत निघतात. त्या दिवसांत शेतावर हुरडा, म्हणजे ज्वारीच्या कोवळ्या कणसांचे भाजलेले दाणे, आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले रोडगे वांग्याच्या भाजीबरोबर खाऊ घातले जातात. अशा जेवणानंतर माणूस कोणत्याही भूखंडाचा विसार देईल. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या पुढे गेल्याची नोंद आहे. तेव्हा दुपारी बारा ते पाच रस्ते मोकळे असतात, दुपट्टा कानांभोवती आवळला जातो आणि घराचा कर्ता पुरुष कोण हे कूलरवरून ठरते: जो कूलर गच्चीवरून उतरवतो, जुन्या ताट्या काढून नवा वाळा भरतो, पंपावर जमलेला क्षारांचा पांढरा थर खरवडतो आणि टाकीत पाणी कमी झाल्याचे नुसत्या आवाजावरून ओळखतो, तोच कर्ता. मुंबईत वातानुकूलन यंत्राची कळ दाबण्यापुरते ज्याचे शिक्षण झाले आहे, त्याला हे सारे मेव्हण्याकडून शिकावे लागते.

शेवटी निकाल द्यायचाच तर तो असा: मुले शाळेत असतील तर अमरावती, व्यापार करायचा असेल तर अकोला, आणि सासुरवाडी यांपैकी ज्या शहरात असेल ते शहर वरील सर्व निकष रद्द करून निवडले जाते. तरीही निर्णयापूर्वी एकदा मे महिन्यात जाऊन यावे. रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते, तेव्हा मेच्या तिकिटासाठी मार्चमध्येच खिडकी गाठावी. लग्नसराईमुळे ते तेवढ्यानेही मिळेलच असे नाही.