बोलका राखणदार

घरच्या कॉम्प्युटरला अँटिव्हायरस कोणता घ्यावा, हा प्रश्न पलसाण्यात फार वेळ तांत्रिक राहत नाही. आधी तो व्यवहाराचा होतो, मग भाऊबंदकीचा आणि शेवटी वडीलधाऱ्यांच्या मानापमानाचा. पलसाणा म्हणजे सुरत जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. एका अंगाला मुंबई-अहमदाबाद हायवे, दुसऱ्या अंगाला बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर करत धुळ्याकडे जाणारा रस्ता, आणि आसपास कापड रंगवणाऱ्या मिलांची धुराडी. त्याच धुळ्याच्या रस्त्याने आमच्यासारखी खानदेशी कुटुंबं इकडे आली आणि ट्रकांच्या हॉर्नमध्ये झोपायला शिकली. इथे कुठल्याही वस्तूबद्दल दोनच प्रश्न विचारतात : केवढ्याला पडली, आणि कोणाच्या ओळखीने?

आमच्या कॉम्प्युटरमध्ये चोरण्यासारखं आहे तरी काय? मेव्हण्याच्या ग्रे कापडाच्या धंद्याचं टॅली आणि जीएसटीची रिटर्न्स, बायकोने भरलेले नोकरीचे फॉर्म, चिरंजीवांचे गेम, आणि शिरपूरच्या एका लग्नाचे फोटो, त्यांतले निम्मे पंगतीचे. पण हल्लीचा चोर माल उचलून नेतच नाही. तो फाइली जागच्या जागी कुलूपबंद करतो आणि किल्लीचे पैसे मागतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभर हेच केलं. दर कॉम्प्युटरमागे ३०० डॉलर, तेही बिटकॉइनमध्ये. गंमत म्हणजे ज्या भोकातून तो विंडोजमध्ये शिरला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच फुकट दिलं होतं. पण 'नंतर आठवण करून द्या' हे बटण जगात सगळ्यांनाच प्रिय. मी ही हकिकत सांगितल्यावर माझे वडील, आबा, म्हणाले, "फुकट वाटं, म्हनीसन कोनी लिधं नही."

या एका वाक्याने मी आधीच हरलो होतो, हे मला अँटिव्हायरस ठरवायला घरची बैठक बसल्यावर कळलं.

आबांचं मत पक्कं होतं : क्विक हील. कारण माणूस आपला. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीला लागले, पुण्यात स्वतःचं दुकान काढलं, धाकट्या भावाला, संजयला, कॉम्प्युटर शिकायला लावलं आणि नव्वदच्या दशकात त्याने व्हायरस साफ करणारा प्रोग्राम लिहिला. आबा ही गोष्ट कीर्तनाच्या अंगाने सांगतात. शेजारचे मोटाभाई अगदी तल्लीन होऊन ऐकत होते. कंपनी २०१६ साली शेअर बाजारात आली, हे वाक्य येताच त्यांनी डोळे उघडून विचारलं, "आजे भाव शुं छे?"

मेव्हणा कॅस्परस्कीच्या बाजूचा. अमेरिकेने २०२४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली, त्या अर्थी माल अस्सल असणार, हा त्याचा मुद्दा. चिरंजीवांनी मॅकॅफीचं नाव काढलं, पण ते सॉफ्टवेअर घेण्यासाठी नव्हे. जॉन मॅकॅफीने स्वतःच्याच नावाचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरमधून कसं काढून टाकावं, यावर २०१३ मध्ये एक चावट व्हिडिओ केला होता. तो आजोबांसमोर लावायची संधी चिरंजीव शोधत होते. ती मी मिळू दिली नाही.

मग मी माझं म्हणणं मांडलं. विंडोजमध्ये डिफेंडर नावाचा राखणदार आधीपासूनच बसवलेला असतो. जर्मनीची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियाची एव्ही-कम्पॅरेटिव्हज या संस्था सगळ्या अँटिव्हायरसांच्या परीक्षा घेत असतात. एके काळी त्यांत मागच्या बाकावर बसणारा हा गडी अलीकडे विकतच्यांच्या मांडीला मांडी लावून बसतो. वेगळे पैसे नाहीत, वेगळं बसवायचं काही नाही.

"बिल कोठे शे?" आबांनी विचारलं.

"बिल नाही, आबा. तो विंडोजसोबतच येतो."

"आवाज तरी येस का?"

इथे मला आबांची बाजू समजली. आमच्या मिलांचे वॉचमन रात्री तासातासाला दांडका आपटतात, शिट्टी मारतात. त्या आवाजाने चोर पळतो की नाही, हे कोणी तपासलेलं नाही; पण शिट्टी चुकली की शेठ दचकून जागा होतो. गप्प बसून नीट राखण करणारा माणूस इथे झोपलेला समजला जातो. डिफेंडरचं नेमकं हेच दुखणं. तो घोरत नाही, खोकत नाही, आणि वर पगारही मागत नाही. अशावर विश्वास ठेवायचा तरी कसा?

तोडगा म्हणून पुतण्याने पेनड्राइव्हमध्ये एका महागड्या अँटिव्हायरसचा 'क्रॅक' आणला. सोबत सूचनांची फाइल होती. पहिली सूचना : इन्स्टॉल करण्यापूर्वी आपला अँटिव्हायरस बंद करा. पुतण्याला यात काही खटकलं नाही. दुसरी सूचना : कॉम्प्युटरने 'हे धोकादायक आहे' असं सांगितलं तरी दुर्लक्ष करा. लाहोरच्या अल्वी बंधूंनी १९८६ मध्ये आयबीएम पीसीचा पहिला व्हायरस सोडला, तेव्हा त्यात निदान आपलं नाव, पत्ता आणि फोन नंबर तरी घातला होता. तेवढी सभ्यता या पेनड्राइव्हात नव्हती. मी तो मुकाट्याने फॉरमॅट केला.

मोटाभाई म्हणाले, मग सर्वांत मोठी कंपनी घ्या, मोठ्याचं चुकत नाही. त्यांना मी १९ जुलै २०२४ ची आठवण करून दिली. क्राउडस्ट्राइक या बड्या सुरक्षा कंपनीच्या एका चुकलेल्या अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर एका दिवसात निळे पडले. व्हायरस नाही, चोर नाही. खुद्द राखणदारच दारात आडवा. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून द्यावे लागले.

"पन विमानं उडनात ना?" आबा म्हणाले. त्यांना वहीचा विजय झाल्याचा आनंद होता.

निर्णय लांबला, आणि मध्येच एका दुपारी आवाज आला. चिरंजीवांनी गेम शोधता शोधता कुठल्याशा साइटला 'अलाव' म्हटलं होतं. पडदा लाल झाला, सायरन वाजू लागला. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा.' घरात धावपळ उडाली. एकटे आबा शांत होते. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

"हाऊ जागा शे!" ते म्हणाले आणि फोन हातात घेतला.

मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात कधीच फोन नंबर नसतो, नंबर दिसला की समोरचा ठग समजावा, असलं पान म्हणजे नुसतं पान असतं, ब्राउझर बंद केला की संपलं, हे सगळं मी दारातून ओरडून सांगत होतो. पण सायरनपुढे माझा आवाज पोचेना. आबांचे पाच आकडे दाबून झाले होते. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई मिक्सर घेऊन आली, तिने कॉम्प्युटरचा प्लग खसकन उपटला आणि त्या जागी मिक्सरचा खोचला. काळ्या मसाल्याचं वाटण राहिलं होतं.

यानंतर बैठक न बोलावता मी माझं केलं. डिफेंडर ठेवला. अपडेट आपोआप होऊ दिलं. चिरंजीवांना इन्स्टॉलचा अधिकार नसलेलं वेगळं खातं दिलं आणि साइटांच्या नोटिफिकेशनची परवानगी काढून घेतली. टॅली आणि पंगतीचे फोटो एका बाहेरच्या डिस्कवर घेतले, आणि कॉपी झाली की ती डिस्क काढून कपाटात. जोडलेलीच ठेवली तर कुलूप घालणारा तिलाही घालतो. फोनशेजारी १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर लिहून चिकटवला.

आबांसाठी शेवटचं एक काम केलं. टास्क शेड्युलरमध्ये जाऊन रोज रात्री नऊ वाजता शिट्टी वाजेल, अशी सोय केली. सुरक्षेशी तिचा काडीचाही संबंध नाही. पण आबा आता नऊची शिट्टी ऐकून दिवा मालवतात, आणि आल्यागेल्याला सांगतात की पोराने शेवटी चांगला माल आणला.

परवा मोटाभाई बसले असताना शिट्टी झाली. त्यांनी कान टवकारले. कोणती कंपनी, केटलामां पड्युं, सगळं विचारून घेतलं. हे बाजारात मिळत नाही, घरीच बनवलंय, असं आबांनी ऐटीत सांगितलं.

मोटाभाईंनी खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि आवाज खाली आणून मला विचारलं, "आनो क्रॅक मळशे?"