तीन रुपयांचं ब्लेड, तीस हजारांचा दांडा

साधारण दीड दशकापूर्वी झाफिरो नावाच्या अमेरिकी कंपनीनं दाढीचा एक रेझर काढला. दांडा इरिडियमचा, स्क्रू प्लॅटिनमचे, पाती कृत्रिम नीलमण्याची. नग फक्त ९९ आणि एका नगाची किंमत १ लाख डॉलर. सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी ती उरात खुपसून घेत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हण करणाऱ्यानं गालाचा विचार केलेला नसावा. पण या रेझरला हसणं फार सोपं आहे, कारण तो आपल्यापैकी कुणी घेणार नव्हतंच. खरी गंमत त्याच्या कितीतरी पायऱ्या खाली आहे. बाणेरपासून बे एरियापर्यंत जो सुस्थित, सुविद्य आणि हिशेबी मराठी पुरुष पसरला आहे, जो कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवालीशी दोन रुपयांची घासाघीस करतो, तो अलीकडे २५ ते ५० हजारांचा टायटॅनियमचा सेफ्टी रेझर घ्यावा की नाही या विचारानं अस्वस्थ आहे. तीनपाती आणि पाचपाती काडतुसांच्या किमतीला कंटाळून तो आजोबांच्या दुधारी ब्लेडकडे परतला, इथवर त्याचं काही चुकलं नाही. आजोबांचं मशीन मात्र त्याला पुरलं नाही.

केस कापण्याच्या कामात रेझरचा धातू कुठेच येत नाही, इथून सुरुवात करावी लागेल. कापतं ते ब्लेड. जाडी ०.१ मिलिमीटर, पोलाद सुमारे १३ टक्के क्रोमियमचं, धारेवर टेफ्लॉनच्या जातीचा पातळ लेप, आणि भाव नगाला तीन-चार रुपये. रेझरकडे कामं दोनच: हे लवचीक पातं कमानीत वाकवून घट्ट धरायचं आणि त्याची धार ठरल्या कोनात, कातडीपासून ठरल्या अंतरावर ठेवायची. थोडक्यात, तो चिमटा आहे. २०२० साली एमआयटीच्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निबंध छापला. ब्लेडच्या पोलादापेक्षा जवळपास ५० पट मऊ असलेला केस त्या पोलादाला बोथट कसा करतो, हे त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. धार हळूहळू झिजते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात केस वाकतो, धारेवर आडवा ताण देतो, आणि पोलादाची आतली वीण जिथे एकसारखी नसते नेमका तिथे धारेचा बारीक टवका उडतो. म्हणजे दाढीच्या धातुशास्त्राची सगळी लढाई ब्लेडच्या काठावर, मायक्रॉनच्या हिशेबात चालते. ज्या धातूसाठी तीस हजार मोजायचे, तो त्या रणांगणापासून लांब, तंबूत लोडाला टेकून बसलेला असतो.

किंमत जास्त म्हणजे धातूत काहीतरी असणारच, ही श्रद्धा नवी नाही. किंग कँप जिलेट यांनी १९०३ मध्ये आपला रेझर विकायला काढला तेव्हा वर्षभरात ५१ रेझर खपले आणि १६८ ब्लेड. किंमत ५ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या अमेरिकी कामगाराला आठवड्याच्या पगाराचा जाणवेल असा लचका. (हा गृहस्थ मुळात स्पर्धा नावाचा प्रकार जगातून नाहीसा करावा आणि सगळ्यांनी नायगाऱ्याच्या आसपास एकाच महानगरात एकाच कंपनीच्या छत्राखाली राहावं, असं पुस्तक १८९४ मध्ये लिहिलेला समाजवादी होता. निदान पेटंटच्या मुदतीपुरती त्यानं आपल्या धंद्यातली स्पर्धा नाहीशी करून दाखवली.) दांडा फुकटात वाटायचा आणि ब्लेडवर कमवायचं, ही युक्ती त्यांच्या नावावर आजही व्यवस्थापनाच्या वर्गांत सांगितली जाते, पण पेटंट जिवंत होतं तोवर त्यांनी दांडा मुळीच स्वस्त केला नाही. १९२१ मध्ये मुदत सरली, आणि जुन्या धाटणीचा रेझर १ डॉलरला मिळू लागला. वरचा मुलामा थोडा इकडेतिकडे झाला असेल, पण पितळ ते पितळच. आदल्या वर्षीच्या ५ डॉलरांत पितळ किती होतं आणि पेटंट किती, हे ज्याला त्याला तेव्हा कळलं.

म्हणून सगळे धातू सारखेच, असं म्हणावं तर तेही खोटं ठरेल. कमी आणि मध्यम किमतीच्या बहुतेक रेझरांची डोकी झमाकची असतात. नाव पौराणिक मालिकेतल्या राक्षसाचं वाटलं तरी ती जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं यांच्या जर्मन नावांची आद्याक्षरं आहेत. हे म्हणजे साधारण ४ टक्के ॲल्युमिनियम घातलेलं जस्त. चारशे अंशांच्या आत वितळतं, साच्यात दाबून ओतलं की बारीकसारीक कंगोऱ्यांसह तयार भाग बाहेर पडतो, म्हणून स्वस्त. वरून तांबं, निकेल आणि क्रोमियम यांचे थर चढवतात. थर शाबूत आहेत तोवर झमाक कुणाच्याही पंक्तीला बसतो; मशीन एकदा फरशीवर आपटलं आणि थर कुठे फुटला, की आतलं जस्त साबणाच्या पाण्यात कुजायला लागतं. जोर लावून पिळलं तर आटे जातात ते वेगळंच. पितळेचं असं नाही. मुलामा उडाला तरी खालचं पितळ पाण्याला डगमगत नाही. पितळेच्या पातेल्याची कल्हई गेली तर आमटी कळकते; गाल कळकत नाही. १९३०च्या दशकाच्या अखेरीस आलेली जिलेटची ‘टेक’ मशीनं आजही जुन्या बाजारात मिळतात आणि ब्लेड घातलं की मुकाट्यानं दाढी करतात. आणि स्टेनलेस स्टीलला तर मुलाम्याचीही गरज नाही. रेझरसाठी वापरतात त्या ३१६एल जातीत १६ ते १८ टक्के क्रोमियम आणि वर २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं. तेच पोलाद खाऱ्या वाऱ्यात बोटींवर आणि दुधाच्या कारखान्यांत राबतं. त्याहून साध्या जातीचं, बोहारणीला चार जुन्या साड्या देऊन घेतलेलं पातेलं घरोघरी चिंच, मीठ आणि काथ्याचा मार खात चाळीस चाळीस वर्षं टिकलेलं आहे. रेझरनं तर फक्त फेस खायचा आहे. तेव्हा झमाक सोडून पितळेकडे किंवा स्टेनलेसकडे जाताना काही हजार जास्त गेले, तर त्या पैशांची पावती दाखवता येते. पुढच्या जिन्याची पावती मागितली की दुकानदार कवी होतो.

तो पुढचा जिना टायटॅनियमचा. हा धातू दुर्मीळ आहे असं वाटत असेल तर ते मनातून काढून टाकावं. भूकवचातल्या मूलद्रव्यांत त्याचा नंबर नववा लागतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत तो इल्मेनाइटच्या रूपानं आहे, आणि त्याचंच ऑक्साइड पांढरा रंग होऊन न्हाणीघरातल्या आरशामागच्या भिंतीला फासलेलं असतं. महाग आहे ते त्याला ऑक्सिजनच्या तावडीतून सोडवणं. आधी क्लोरीन, मग वितळलेलं मॅग्नेशियम, आणि सगळा कारभार आर्गॉन वायूच्या पहाऱ्यात. विल्यम क्रोल यांना १९४० मध्ये पेटंट मिळालेली ही रीत अजूनही चालू आहे. इतकं करून धातू हाती आला की लेथवर त्याचे नखरे सुरू होतात. तो उष्णता नीट वाहून नेत नाही, त्यामुळे कापताना सगळी आच हत्याराच्या टोकाशी साठते. हत्यारं लवकर मरतात, काम संथ चालवावं लागतं आणि कारागिराचे तास वाढतात. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते या हट्टीपणाचे. तो हट्ट लेथला कळतो. गालाला तो कळायची काही सोय नाही. विमानाला टायटॅनियम परवडतं, कारण तिथे एकेक ग्रॅम वर्षानुवर्षं इंधन जाळून आकाशात वाहायचा असतो. खुब्याच्या सांध्याला परवडतं, कारण शरीरानं त्याला परका म्हणून हाकलू नये. रेझरचा प्रवास बेसिनपासून गालापर्यंत दीड हाताचा, तोही इंधनाविना. आणि दाढी झाल्यावर तो जबड्यात बसवून वर टाके घालण्याची पद्धत अजून पडलेली नाही.

वजनाची वकिली तर मुळातून ऐकण्यासारखी. स्टेनलेसचा रेझर विकताना सांगतात की बघा, हातात कसा भरतो. दाब देऊ नका, त्याचं वजनच दाढी करतं. स्टेनलेसची घनता ८, टायटॅनियमची साडेचारच्या आत. म्हणजे स्टेनलेसमध्ये १०० ग्रॅम भरणारा रेझर त्याच मापात टायटॅनियमचा केला की ५५ ग्रॅमवर येतो. जे वजन दाढी करत होतं त्यातलं निम्मं गेलं, किंमत मात्र कित्येक पट झाली. मग त्याच दुकानातला तोच विक्रेता सांगतो की बघा, किती हलका. हाताला जाणवतसुद्धा नाही. दोन्ही विधानं खरी असतील तर दाढी कोण करतं, असा प्रश्न उरतो. आणि हलकेपणाच हवा असेल तर ॲल्युमिनियम २.७ घनतेचं आहे, लेथवर लोण्यासारखं कापलं जातं आणि फारसे पैसे मागत नाही. त्याला प्रतिष्ठा नाही एवढंच. डब्याचं झाकण म्हणून जन्म काढलेल्या धातूला दाढीच्या दरबारात कोण विचारतो!

यावर जाणकारांचा पहिला आक्षेप असा की महाग रेझर संगणकी यंत्रावर कोरलेले असतात, त्यामुळे ब्लेड दोन्ही बाजूंना केसभरही फरक न पडता बसतं. अचूकपणा महत्त्वाचा, यात वादच नाही. ब्लेड तिरकं बसलं तर एक गाल गुळगुळीत होतो आणि दुसरा सोलवटतो. पण हा गुण यंत्राचा आणि ते चालवणाऱ्याचा आहे, धातूचा नव्हे. तेच यंत्र पितळ तेवढ्याच काटेकोरपणे कापतं, उलट कमी कुरकुर ऐकून घेऊन कापतं. सुवाच्य अक्षराचं श्रेय कागद हातबनावटीचा आहे म्हणून कागदाला देण्यातला हा प्रकार.

दुसरा आक्षेप हिशेबी असल्यानं जास्त मानाचा आहे. टायटॅनियमचा रेझर जन्मभर टिकतो, मग रोजचा खर्च काढला तर तो कितीसा? काढूनच पाहू. रेझर ३० हजारांचा, वर्षाला ३०० दाढ्या, आयुष्य ३० वर्षं: ९ हजार दाढ्या, म्हणजे दाढीमागे ३ रुपये ३३ पैसे. ब्लेड ३ रुपयांचं, एका ब्लेडात पाच दाढ्या: दाढीमागे ६० पैसे. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण आपण उधळपट्टीसाठी वापरतो. त्यातला मसाला तिप्पटच होता, हा साडेपाच पट आहे. स्टेनलेसचा ५ हजारांचा रेझरही तीस वर्षं सहज चालतो आणि त्याचा हिशेब दाढीमागे ५६ पैसे येतो, म्हणजे दांडा आणि ब्लेड बरोबरीनं संसार करतात. मग म्हणतात, नातवाला देता येईल. नातवाच्या पिढीनं दाढी राखायची ठरवली तर? सध्याच्या मुलांचे चेहरे पाहता वारसदार हा रेझर पेपरवेट म्हणून वापरण्याची शक्यता दाट आहे, आणि त्या कामासाठी तर हलका धातू अगदीच कुचकामाचा. शिवाय जन्मभराचा रेझर घेणारा माणूस सहसा एकावर थांबत नाही. सहा महिन्यांत त्याला दुसरा जन्मभराचा रेझर खुणावू लागतो. इतके जन्म घ्यायचे म्हणजे मोक्षाचं मात्र अवघड होऊन बसतं.

एक माणूस या सगळ्यातून वगळायला हवा: ज्याला निकेलची खरी ॲलर्जी आहे तो. ३१६एलमध्ये १० टक्क्यांहून जास्त निकेल असतं आणि क्रोमच्या मुलाम्याखालीही बहुधा त्याचाच थर असतो. चांगल्या स्टेनलेसमधून ते फार थोडं सुटतं हे खरं; तरी अशा माणसानं टायटॅनियम घेतलं तर तो शहाणा. बाकीच्यांचा शेवटचा आधार हौस. हौसेला मोल नसतं, आणि हा आक्षेप खोडून काढायची इच्छाही नाही. उजेडात राखाडी-निळसर चमकणारा, आट्यांचा आवाज न करता फिरणारा तो दांडा देखणा असतो. पण पैठणी नेसून ऊब जास्त मिळते असा दावा कुणी बाई करत नाही. ती सुंदर दिसते म्हणून घेतली, असं सरळ सांगते आणि मोकळी होते. पुरुषाला मात्र आपल्या पैठणीसाठी घनता, तन्यता आणि गंजरोधकता अशी तीन प्रमाणपत्रं जोडावी लागतात, आणि ती बायकोसमोर वाचून दाखवावी लागतात.

इकडे नाक्यावरच्या सलूनमध्ये वेगळीच धातुविद्या चालते. धोकटीतला जुना वस्तरा, जो चामड्याच्या पट्ट्यावर परजला जाई, तो एड्सची धास्ती पसरल्यापासून बहुतेक ठिकाणी बाजूला पडला. त्याच्या जागी घडीचा एक स्वस्त वस्तरा आला, कधी पातळ पत्र्याचा, कधी चक्क प्लॅस्टिकच्या मुठीचा. कारागीर दुधारी ब्लेड कागदासकट दोन बोटांत धरतो, मधोमध मोडतो, अर्धं त्यात सरकवतो आणि उरलेलं अर्धं पुढच्या गिऱ्हाइकासाठी आरशाखालच्या फळीवर ठेवतो. दीड रुपयाच्या त्या धारेखाली गळा उघडा टाकून, मान मागे करून बसलेला माणूस वस्तऱ्याचा धातू कोणता हे कधी विचारत नाही. तो डोळे मिटण्याआधी एवढंच विचारतो, “ब्लेड नवं लावलंय ना?”