शिस्तप्रिय लिंकरचा जाहीर गौरव

लिनक्सवर प्रोग्रॅमचे तुकडे आणि लायब्ररी जोडणाऱ्या लिंकरला उत्कृष्ट प्रशासनाचा पुरस्कार द्यायलाच हवा. डिस्कवर 'लिबएसएसएल.एसओ.३' ही फाइल ढळढळीत हजर असते. तरी साहेब कळवतात, एसएसएल सापडत नाही. बरोबरच आहे. त्यांना शेपटीच्या आकड्याविना 'लिबएसएसएल.एसओ' हेच नाव मान्य, आणि ते येते 'डेव्ह' पॅकेजातून. फेडोरात त्यालाच 'डेव्हेल' म्हणायचे. प्रांताप्रांताचा मान असतो.

आदेशात लिहिलेल्या फाइलींच्या रांगेची शिस्त तर वाखाणावी तितकी थोडी. स्टॅटिक लायब्ररी गरजू फाइलीच्या आधी उभी राहिली, की 'हिची कुणाला गरज नाही' असा शेरा मारून तिला वगळतात. मग तिच्यातलेच फंक्शन मिळत नाही म्हणून ठपका तुमच्यावर. दोन लायब्ररींना एकमेकींची गरज असल्यास एकीचे नाव दोनदा लिहावे, हा मान्यताप्राप्त उपाय. याच न्यायाने रेशनकार्डावर नवऱ्याचे नाव बायकोच्या आधी आणि नंतरही घालावे, अशी आमची नम्र शिफारस आहे. संसार एकदाचा लिंक होईल.

अखेर प्रोग्रॅम तयार होतो. चालवायला जावे, तर '/यूएसआर/लोकल/लिब'मधली जी लायब्ररी लिंकरला आत्ताच सापडली होती, ती आता अस्तित्वातच नाही. यात गैर काहीच नाही. जोडणारे खाते वेगळे, चालवणारे वेगळे. आणि लायब्ररींची नोंद ठेवणाऱ्या 'एलडीकॉन्फिग'कडून फाइल अजून वर गेलेली नाही.