एका तिरक्या रेघेचं तालुका-विलीनीकरण

ठाणे जिल्ह्यातून १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला, त्याआधी वर्षानुवर्षं खल चालला होता. ईमेलच्या सॉफ्टवेअरला एवढा धीर नसतो. फोल्डरला ठाण्यातल्याच दोन तालुक्यांचं ‘शहापूर/मुरबाड’ असं नाव द्या. तिरकी रेघ हीच फोल्डर आणि उपफोल्डर यांच्यातलं विभाजक चिन्ह असेल तिथे मुरबाड थेट शहापूरच्या पोटात! हरकती नाहीत, अधिसूचना नाही. टिंब विभाजक असेल, तर ‘ता.मुरबाड’ लिहिताच ‘ता’ नावाचा नवा तालुका जन्मतो. खरं तर आपलं विभाजक चिन्ह कोणतं, हे ईमेल सांभाळणारा आयमॅप सर्व्हर विचारल्यावर सांगतो. पण विचारतो कोण? शहापूरला गृहीत धरण्याची सवय जुनीच आहे: तिथल्या भातसा धरणाचं पाणी मुंबईला, टँकर गावाला. प्रोग्रॅमरांनी तरी आधी विचारावं, मगच रेघ मारावी.