एका मार्काला १.८ मिनिटं

सीएच्या बहुतेक पेपरांना तीन तास आणि १०० मार्क. म्हणजे मार्कामागे १.८ मिनिटं. हा भागाकार क्लासचे सर पहिल्याच दिवशी फळ्यावर करून दाखवतात आणि पोरांना वाटतं, वेळेचं नियोजन झालं!

मग सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत वेळापत्रक रंगवायचा कार्यक्रम. ऑडिट हिरवं, जीएसटी गुलाबी, झोप पांढरी. रंग वाळेपर्यंत परीक्षा पुढच्या महिन्यावर येते.

प्रत्यक्ष पेपरात आधीची पंधरा मिनिटं फक्त प्रश्न वाचायला असतात. त्यात सोपे प्रश्न हेरायचे सोडून शेजारच्याचा चेहरा वाचणारेच फार. पुढे ताळेबंदाच्या दोन बाजूंत ३७० रुपयांचा फरक निघतो. वर्किंग नोट्स नीट असतील तर त्यांचे मार्क पदरात पडतात, फरक तसाच सोडून पुढचा प्रश्न घ्यावा, हे सगळ्यांना पाठ असतं. पण चिरंजीव इरेला पेटतात. पाऊण तास, तीन पुरवण्या, कॅल्क्युलेटरची कुटाई. फरक सापडतो एकदाचा. तोवर सोळा मार्कांचा अख्खा प्रश्न कोरा. पासाला प्रत्येक विषयात ४० आणि एकूण ५० टक्के लागतात, हे तेव्हा आठवतं.

आश्चर्य एवढंच की हाच मुलगा आर्टिकलशिपला ऑफिसात बसला, की असाच फरक दिसताच साहेबांकडे न बघता तो सस्पेन्स खात्यात ढकलतो आणि चहाला निघतो.