श्रीमान मोठे टब यांस अनावृत पत्र

प्रति,
श्रीमान मोठे टब,
पॉपकॉर्न काउंटर, मल्टिप्लेक्स,
मॉलचा सर्वांत वरचा मजला.

विषय : आमच्या प्रकृतीची काळजी वाहिल्याबद्दल आभार.



मी कामशेतचा. सिनेमा बघायचा तर आम्ही लोणावळा-पुणे लोकल पकडतो आणि चिंचवडकडे येतो. घरच्या चौघांचं जाण्यायेण्याचं भाडं आपल्या सर्वांत धाकट्या भावाच्या, म्हणजे छोट्या टबाच्या किमतीत बसतं आणि वर सुटे पैसे उरतात. यावरून लोक आपल्याला नावं ठेवतात. मला ते पटत नाही. आपली किंमत ही मल्टिप्लेक्सने आजवर राबवलेली एकमेव आरोग्य योजना आहे. परवडत नाही म्हणून जे खाल्लं जात नाही, ते बाधतही नाही.

ही दूरदृष्टी न कळल्यामुळे २०१८ च्या जूनअखेरीस पुण्यात मनसेच्या कार्यकर्त्यांनी दरांवरून आंदोलन केलं आणि एका व्यवस्थापकाला मारहाणही केली. पुढच्याच महिन्यात नागपूरच्या अधिवेशनात राज्यमंत्री रवींद्र चव्हाण यांनी १ ऑगस्टपासून घरचा डबा आत नेता येईल अशी आशा दाखवली. ऑगस्ट उजाडला आणि सरकारनेच उच्च न्यायालयात सुरक्षेचा मुद्दा काढून यात पडायची गरज नसल्याचं सांगितलं. आमच्या घरच्या थालीपिठात एवढी ताकद आहे, हे आम्हाला तेव्हा कळलं.

३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही निकाल दिला : बाहेरचे पदार्थ अडवण्याचा अधिकार थिएटरच्या मालकाला आहे, मात्र पिण्याचं पाणी फुकट द्यावं आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवू नये. सुनावणीत सरन्यायाधीशांनी जिलबीचं उदाहरण दिलं. कुणी आत जिलबी आणली आणि चिकट बोटं खुर्चीला पुसली तर? मुद्दा बिनतोड आहे. फक्त आपल्या कॅरॅमलच्या पाकाने खुर्ची कशी चिकट होत नाही, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. फुकटच्या पाण्याबद्दलही आभार. ते स्वच्छतागृहाशेजारच्या कोपऱ्यात ठेवल्यामुळे तेवढंच चालणं होतं.

आता आपल्या पोटातल्या ऐवजाकडे वळतो. मक्याशी माझं भांडण नाही. पावसाळ्यात भुशी धरणाच्या वाटेवर निखाऱ्यावर भाजलेलं, लिंबू-मीठ-तिखट चोळलेलं कणीस आम्हीही खातो. लाहीचा मका तर अख्खं धान्य. दाण्यात जेमतेम १४ टक्के पाणी, ते १८० अंशांच्या आसपास तापलं की वाफेच्या दाबाने दाणा फुटतो. त्यात तंतुमय अंश भरपूर. कोरडी लाही डॉक्टरही नाकारणार नाहीत. नंतर मात्र आपल्याकडचे संस्कार सुरू होतात. आधी तेल, मग मीठ, मग ‘बटर’ म्हणून वरून सोडलेली पिवळी धार, जी पुष्कळदा लोण्याच्या वासाचं तेलच असते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभरही नाही, एवढंच मीठ सांगते. भाकरी, आमटी, लोणचं यांचा हिशोब घरीच उरकून आम्ही आपल्याकडे येतो, तेव्हा खात्यात शिल्लक फारशी नसते.

कॅरॅमलच्या बाबतीत तर निदान अर्थखात्यानेच केलं. २१ डिसेंबर २०२४ ला जैसलमेरमध्ये जीएसटी परिषदेची बैठक झाली. साखर मिसळली की पॉपकॉर्नचा गुणधर्मच बदलतो आणि तो मिठाईच्या वर्गात जातो, असा खुलासा तिथून आला. देशभर विनोद झाले. पण आपल्या काउंटरवर तो ‘स्नॅक’ म्हणून उभा असताना, ही मिठाई आहे असं स्पष्ट सांगणारं एकमेव सरकारी खातं करवसुलीचं निघालं, याची नोंद व्हायला हवी.

जोडीला आपले परममित्र, कोला. १०० मिलिलिटरला साधारण साडेदहा ग्रॅम साखर. अर्ध्या लिटरच्या ग्लासात पन्नासएक ग्रॅम, म्हणजे १३ चमचे. दिवसभराची वरून घातलेली सगळी साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवा, जमलं तर २५ च्या, असं तीच आरोग्य संघटना म्हणते. आपल्याकडे ती मर्यादा मध्यंतराआधीच गाठता येते. वेळेची एवढी बचत दुसरीकडे कुठे होते?

आम्ही मराठी माणसं खाण्याच्या बाबतीत संत नाही, हे मी कबूल करतो. नाटकाच्या मध्यंतरात बटाटेवडा हवाच. तो तळलेलाच असतो आणि पौष्टिक म्हणून कुणी त्याचा सत्कार केलेला नाही. पण तो उजेडात, उभ्याने, शेजारच्याशी नाटकाबद्दल वाद घालत खाल्ला जातो आणि घंटा झाली की संपतो. आपलं तसं नाही. आपण मांडीवर बसता, दिवे जातात, डोळे पडद्यावर आणि हात आपल्यात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात प्रेक्षकांना आठवडाभर शिळा पॉपकॉर्न दिला होता. ज्यांना सिनेमात पॉपकॉर्नची सवय होती, त्यांनी तो ताज्याइतकाच खाल्ला. चव आवडली नाही, असंही सांगितलं आणि तरीही खाल्ला. नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला लावलं, तेव्हा कुठे प्रमाण घटलं. म्हणजे आत भूक खात नाही आणि जीभही खात नाही. अंधारात सवय खाते, आणि सवयीला बूड दिसेपर्यंत थांबायचं कळत नाही. आपलं बूड तर पार खोल.

म्हणूनच मला आपल्या किमतीचा भरवसा वाटत होता. पण आपण तोही मोडलात. छोटा मागावा तर काउंटरवरचा मुलगा अदबीने सांगतो, ‘सर, थोडे वाढवले तर मोठा येतो, कोल्ड्रिंकसकट.’ कॉम्बो नावाचा हा प्रकार आमच्या हिशेबी स्वभावावर थेट घाव घालतो. पैसे वसूल करण्यासाठी आम्ही वाटेल ते पोटात घालतो. तिकिटाच्या पैशांत वितरकाचा वाटा असतो, आपल्यात नसतो. तेव्हा आपल्याला खपवणं हाच मालकाचा खरा धंदा, हे समजण्याइतका मी शहाणा आहे. पण महाग ठेवून वाचवायचं आणि कॉम्बो देऊन मारायचं, यातलं नक्की धोरण कोणतं?

आमच्याकडचं सगळंच चोख असतं असंही नाही, म्हणून थोडी घरची गोष्ट. २०१८ च्या डिसेंबरात अन्न व औषध प्रशासनाने लोणावळ्यातल्या एका नामांकित चिक्कीवाल्याला उत्पादन थांबवायला लावलं होतं. आवश्यक तपासण्यांची पूर्तता नव्हती. चिक्की म्हणजे शेंगदाणा आणि गूळ. गूळही साखरेचाच भाऊ, त्यामुळे तिचा डांगोरा मी पिटत नाही. पण तिच्या पाकिटावर घटक आणि उष्मांक छापलेले असतात आणि ते उजेडात वाचता येतात. आपल्या अंगावर सिनेमाची जाहिरात असते. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या खाद्यविक्रेत्यांनी पदार्थांचे उष्मांक मेन्यूफलकावर दाखवावेत, असा एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेचा नियम १ जुलै २०२२ पासून लागू आहे. मी पाहिलेल्या फलकावर ते होते. ते वाचायला मात्र प्रोजेक्टरवालाच बोलवावा लागला असता.

तेव्हा मागणं एवढंच. उष्मांकाचा आकडा किमतीएवढ्याच अक्षरात लिहा. कोणतं तेल वापरता तेही लिहा. बिनमिठाची, बिनबटरची लाही मागितली तर संशयाने बघू नका. उकडलेल्या शेंगा किंवा भाजलेलं कणीस विकायला ठेवा. दर हवा तो लावा, आम्हाला सवय आहे. आणि पाण्याचा नळ काउंटरशेजारी आणा.

मावळकरांनो, तुम्हालाही एक विनंती. जेवून निघा, चौघांत मिळून एकच छोटा टब घ्या आणि कॉम्बोला ‘नको’ म्हणायला शिका. तीन तास सिनेमा बघायला उपाशी राहावं लागत नाही, आणि खातही बसावं लागत नाही.

कळावे,
आपला (किमतीमुळे अद्याप) निरोगी,
एक प्रेक्षक
मु. पो. कामशेत, ता. मावळ, जि. पुणे