प्लॅन बी आणि बाजरीची भाकरी

टोरंटो, नोव्हेंबर 2025

ती. आई-आप्पांना सा. नमस्कार.

रविवारी इथे सगळ्यांनी घड्याळं तासभर मागे घेतली. धाकट्याच्या पोटाला ते कोणी कळवलं नाही, त्यामुळे साहेब पहाटे पाचलाच दूध मागत उभे. थंडीची टोपी बदलली म्हणून परवा त्याने जो टाहो फोडला, तो ऐकून शेजारीण दार वाजवून गेली.

शाळेतल्या बाईंनी आम्हाला बोलावून समजावलं: बदल आधी सांगा, छोट्या बदलांपासून सुरुवात करा, काहीतरी निवडणं त्याच्यावर सोडा. ठरलेलं झालं नाही तर 'प्लॅन बी'. तेव्हापासून घरात प्लॅन बीचा सुळसुळाट आहे. काल मेथी बघून धाकटा म्हणाला, "आई, प्लॅन बी काय?" हे ताटावरून मान वर न करता म्हणाले, "आणि सी?"

थोरलीने मात्र बाजी मारली. शाळेत घराण्याची माहिती लिहायची होती. गावाचं नाव माझ्या दाखल्यावर अहमदनगर, ऑक्टोबर 2024 पासून अहिल्यानगर, आणि आप्पा फोनवर नुसतं नगर म्हणतात. तिने तिन्ही नावं लिहिली आणि निवांत झोपली. इथले मराठी काका लोक यावर अजून जेवणं थंड करतात.

धाकट्याला दोष देता येत नाही, आई. फिलिप झेलाझो हे मानसशास्त्रज्ञ इथल्याच विद्यापीठात असताना लहान मुलांना चित्रांचे पत्ते वेगळे करून लावायला द्यायचे, आधी रंगाप्रमाणे आणि मग आकाराप्रमाणे. तीन वर्षांची मुलं नवा नियम तोंडाने बरोबर सांगतात, हात मात्र जुन्याच ढिगाकडे जातो. पाचच्या आसपास बहुतेकांना जमतं. मी बटणं घेऊन करून पाहिलं. चार वर्षांचे आमचे चिरंजीव "मोठी इकडे" म्हणत लाल बटण लालमध्येच टाकत होते. म्हणजे हा हट्ट नाही, कच्चेपणा आहे. रागावून तो लवकर पिकत नाही.

आप्पा, तुम्ही फोनवर म्हणालात, "आमच्या पाथर्डीच्या पोरांना कोणी शिकवला प्लॅन बी? दिवाळी झाली की आईबापांबरोबर कारखान्यावर, उन्हाळ्यात परत." इथे मी तुमच्याशी भांडणार. टोरंटोत नव्या वर्गात जायच्या आधी पोरांना त्या खोलीचा फोटो दाखवतात. ऊसतोडीला निघालेल्या पोराला कोणी तिथल्या कोपीचा, म्हणजे झोपडीचा, फोटो दाखवला होता? पटावर नाव राहायचं, बाकावर पोर नसायचं, हे तुम्हीच सांगायचात. त्यासाठीच कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या, गावात हंगामी वसतिगृहं निघाली. ती पोरं बदलाला सरावली नव्हती हो, त्यांना दुसरा इलाज नव्हता. आठवीत गळालेल्या पोराला चिवट म्हणून आपण आपलीच समजूत घालतो.

असो. डिसेंबरात येतोय. आई, त्याच्यासाठी रोज वेगळी मॅगी करू नकोस. उद्या पिठलं आहे हे आदल्या रात्रीच सांग, आणि भाकरी बाजरीची की ज्वारीची ते त्याला ठरवू दे. आणि आप्पा, त्याने भोकाड पसरलं की "आणा रे ती मॅगी" म्हणत सगळ्यांच्या आधी तुम्ही फुटू नका, एवढं कराच.

तुमची,
सुमा